दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

माझा थोरला भाऊ दिगंबर याने मला फसवलं. एका इंग्रजी गाण्याचा उलटा अर्थ सांगून फसवलं, आणि तो अर्थ खरा धरून मी माझं नांदेडचं शिक्षण सोडलं. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग माझ्या स्वभावातच आहे, कळमनुरीत कोणालाही विचारा. पण हे वाक्य मी कित्येक दिवस तोलून मगच कागदावर उतरवलं आहे. मोटार वाइंडिंगच्या, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरायच्या धंद्यात मला आजवर कोणी फसवू शकलेलं नाही. तांब्याची तार चिमटीत धरून मी तिच्या जाडीचा नंबर सांगते. जळालेली मोटार पाण्याने गेली की कमी दाबाच्या लाइटने, ते तिच्या वासावरून ओळखते. हिंगोलीचे तारवाले माझ्याशी भाव करायला बसण्याआधी चहा मागवतात, कारण बैठक लांबणार हे त्यांना ठाऊक असतं. अशा बाईला तिच्याच घरात, तिच्या बापासमोर, सख्ख्या भावाने गुंडाळलं.

आमचं घर आणि दुकान एकच होतं. रस्त्याच्या बाजूला पत्र्याची खोली, तिच्यात बाबांचं वाइंडिंग; मधे गोणपाटाचा पडदा; पडद्यामागे मायची चूल. वार्निशचा वास पडदा ओलांडून भाकरीपर्यंत जायचा. मी लहानपणी पहिल्यांदा मामाच्या गावी जेवले तेव्हा भाकरीला वास येईना, म्हणून ती मला शिळी वाटली होती. सकाळी मायच्या भाकरी थापण्याचा आवाज आणि बाबांच्या लाकडी हातोडीची टकटक एकदमच सुरू व्हायची. रब्बीला पाणी द्यायच्या दिवसांत दुकानासमोर मोटारींची रांग लागायची. शिरड शहापूरची माणसं एसटीच्या टपावर मोटार टाकून आणायची, हट्ट्याहूनही कोणी कोणी यायचं. मोटार उघडून काळी पडलेली तार बाहेर काढली की शेतकरी तिच्याकडे असा पाहायचा, जसं घरातलं कोणी दवाखान्यात पडलंय. माय त्याला आत बोलावून भाकरी, ठेचा आणि अंबाडीची भाजी वाढायची. बाबा म्हणायचे, रिकाम्या पोटी माणूस भाव करताना भांडतो, जेवलेला माणूस फक्त कुरकुर करतो. भाव करणं मी तिथे शिकले.

बाबांचं काम मोटारीच्या खाचांमध्ये कॉइल बसवण्याचं, माझं काम मशीनवर कॉइल गुंडाळण्याचं. मशीन म्हणजे एक हँडल आणि एक लाकडी फर्मा. वळसे मोजायचा काटा केव्हाच मोडला होता, म्हणून मी तोंडाने मोजायचे. मोजताना कोणी हाक मारली की चुकायचं, चुकलं की सगळी तार उलगडायची, आणि मग मी हाक मारणाऱ्याला काय काय बोलायचे ते मायला पडद्याआड ऐकवत नसे. हा सगळा त्रास एका अमेरिकन गाणाऱ्यामुळे संपला.

शेजारी सलीमभाईंचं वेल्डिंगचं दुकान होतं. त्यांचा धाकटा भाऊ आखातात कामाला होता. सुट्टीवर येताना त्याने एक मोठा टेप आणला आणि सोबत एक इंग्रजी कॅसेट. वेल्डिंगच्या ठिणग्या उडायला नकोत म्हणून सलीमभाईंनी दोन्ही आमच्याच दुकानात ठेवलं. त्यांच्या छावणीतला कोणी अमेरिकन फोरमन मायदेशी परतताना ती टाकून गेला होता. कॅसेटच्या डबीवर एका माणसाचा फोटो होता. बाह्या वर गुंडाळलेल्या, पँटला ग्रीसचे डाग, पाठीमागे जुनाट मालगाडी, आणि चेहऱ्यावर जराही हसू नाही. सलीमभाईंनी फोटो पाहिला आणि म्हणाले, हा गवई नाही, हा मिस्त्री आहे. तेव्हापासून त्याचं नाव मिस्त्री पडलं. खरं नाव आमच्या कोणाच्या जिभेवर बसलं नाही.

मिस्त्रीचा गळा गोड नव्हता. घासलेल्या बेरिंगसारखा त्याचा आवाज होता. पण ढोल असा पडायचा की एक ठोका इकडचा तिकडे व्हायचा नाही. मी पहिल्याच दिवशी हँडल त्या ठोक्यावर फिरवलं आणि मोजणं सोडून दिलं. पहिलं गाणं संपायचं तेव्हा तीन हॉर्सपॉवरच्या मोटारीची एक कॉइल भरलेली असायची. बाबांनी पहिल्यांदा विश्वास ठेवला नाही. त्यांनी कॉइल उलगडून स्वतः वळसे मोजले. बराबर निघाले. मग त्यांनी टेपकडे पाहून मान हलवली. चांगला कारागीर भेटला की ते तशी मान हलवायचे.

आमची मिस्त्रीवरची माया अशी कामातून आली. तांड्यावरचा थावरूभाऊ कळमनुरी-हिंगोली जीप चालवायचा. लाइट गेली की टेपची वायर त्याच्या जीपच्या बॅटरीला जोडायची, म्हणून तोही आमच्या ऐकणाऱ्यांच्या बैठकीतला झाला. तो म्हणायचा, सिनेमात गाणारे दमत नाहीत, हा माणूस दमतो, आणि दमलेला ऐकू येतो. मिस्त्री मूळचा कोणत्या धंद्यातला यावर त्याचे आणि सलीमभाईंचे वाद चालायचे. सलीमभाईंच्या मते तो वेल्डर, कारण डोळे बारीक करून पाहतो. थावरूभाऊने एकदा फोटो उन्हात नेऊन निरखला आणि जाहीर केलं की हा ड्रायव्हर आहे, कारण त्याचा एकच हात कोपरापर्यंत उन्हाने काळवंडलेला आहे. मग तोच गोंधळला. "पण डावा कसा काय? खिडकीत तर उजवा हात राहतो."

दादा नांदेडचं कॉलेज संपवून घरी आला होता. त्याने सांगितलं की अमेरिकेत स्टेअरिंग डाव्या बाजूला असतं. थावरूभाऊ इतका खूश झाला की त्याने दादाला मिठी मारली. आणि तिथून दादा आमच्या बैठकीचा अर्थ सांगणारा झाला.

हे समजायला आमच्याकडची श्रावणातली पोथी माहीत पाहिजे. एक जण ओवी वाचतो आणि थांबतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो, बाकीचे हं म्हणतात. अर्थ सांगणाऱ्याला मधे तोडायचं नाही, उलट विचारायचं नाही. समाप्तीला त्याला नारळ आणि टॉवेल-टोपी द्यायची. बाबा तीस वर्षं पोथीला बसलेले. अर्थ न कळता गाणं ऐकत राहणं त्यांना अर्धवट जेवल्यासारखं वाटायचं. दादा इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला, घरात दुसरं कोणी दहावीच्या पुढे नाही. बाबांनी त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं. शुक्रवारी नमाजनंतर सलीमभाईंचं दुकान बंद असायचं, तेव्हा बैठक. सलीमभाई एक कडवं वाजवून बटण दाबायचे, दादा अर्थ सांगायचा, आम्ही हं म्हणायचो. दादा म्हणायचा की मी नुसतं ऐकून सांगतो, कागद नाही, काही नाही. आम्हाला त्याचा फार अभिमान वाटायचा. माय पडदा थोडा सारून ऐकायची.

आणि काय गाणी होती ती. कारखान्याचा भोंगा बंद पडल्यावरही रोज त्याच वेळेला जागा होणारा म्हातारा. दोन पाळ्या करून घरी जाताना गाडीत झोप येऊ नये म्हणून मोठ्याने गाणारा माणूस. पेट्रोल पंपावर काम करणारी मुलगी, जिच्या हाताचा वास तिच्या नवऱ्याला आवडतो. हे गाणं ऐकलं तेव्हा मी माझे वार्निशने पिवळे झालेले हात ओढणीत लपवले नाहीत, इतकं मला आठवतं. पहिली बाजू पुरी झाली तेव्हा आम्ही दादाला रीतसर नारळ आणि टॉवेल-टोपी दिली. सलीमभाई म्हणाले, मिस्त्री कधी इकडे आला तर त्याला हवा खात बसवायचं नाही, काम द्यायचं; तो खूश होईल. मला ते अजून पटतं. माणसाची याहून मोठी तारीफ मला ठाऊक नाही.

त्याच पावसाळ्यात तीन गोष्टी एकदम आल्या. मी दहावीला चांगले मार्क काढले आणि नांदेडच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलला माझा नंबर लागला. दादाला पुण्याच्या कंपनीचं पत्र आलं. आणि बाबांचा उजवा हात थरथर कापायला लागला. आधी भाकरीचा तुकडा मोडताना, मग खाचेत तार बसवताना. ते हात मांडीखाली दाबून बसायचे, कोणी पाहिलं नाही असं त्यांना वाटायचं. कोणीतरी थांबायला हवं होतं. घरात हे कोणी बोलत नव्हतं. माय वरणफळं करायची आणि दोघांच्या ताटात सारखीच वाढायची, एक फळ इकडे नाही की तिकडे नाही. शेवटी बाबाच म्हणाले, "तुमी दोघं मिळून ठरवा. मी कोणाला थांब म्हणणार न्हाई." माझ्या प्रवेशाची मुदत सोमवारी संपत होती. मी माझी ट्रंक भरून ठेवली होती. मला जायचं होतं, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते. नंतर लोकांनी माझ्या त्यागाच्या गोष्टी केल्या. त्यांतली एकही मी सांगितलेली नाही.

सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी दादा म्हणाला की दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं राहिलंय, ते आज लावू. ते गाणं तो बरेच दिवस पुढे ढकलत होता. संथ गाणं, ढोल नाही, नुसती गिटारची तार आणि तोंडाने वाजवायचा बाजा. त्याच्यावर कॉइल गुंडाळता येत नसे, म्हणून मी हात मोकळे ठेवून ऐकत बसले. सलीमभाईंनी पहिल्या कडव्यावर बटण दाबलं. दादा जमिनीकडे पाहून सांगायला लागला. गावात बापाचं छोटं वर्कशॉप आहे. बाप थकलाय. पोरगा गाव सोडून चाललाय आणि त्याची धाकटी बहीण त्याला गाडीवर सोडायला आलीय. दुसरं कडवं. बहीण म्हणते, दादा, तू जा, मागे वळून पाहू नको, बाबांचं मशीन मी बंद पडू देणार नाही. शेवटचं कडवं. लांबच्या शहरात त्या भावाला झोप लागत नाही, पण बहिणीच्या हातात मशीन फिरतंय या विचाराने तो सकाळी कामाला उठतो.

कोणी हं म्हटलं नाही. सलीमभाई डोळे पुसत होते. थावरूभाऊ माझ्याकडे वळून म्हणाला, "मंदाबाई, हे तर तुमचंच गाणं हाय." बाबांचा हात मांडीखालून निसटला होता आणि बाजूच्या पत्र्यावर टकटक वाजत होता. मी ते पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"मी न्हाई जात," मी म्हटलं.

आता दादाचं ऐका. तो म्हणाला, "तुझ्या मनात असंल तर तू जा मंदे. मी थांबतो."

आणि मी, सोळा वर्षांची शहाणी, सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "गाणं कळलं न्हाई काय तुला?"

पुढचं थोडक्यात सांगते. सोमवारी मी दुकान उघडलं आणि मंगळवारी दादा पुण्याला गेला. गिऱ्हाइकं यायची, मला पाहायची आणि विचारायची, बाप कुठंय. एकाने मोटार परत जीपमध्ये चढवली तेव्हा मी टायरसमोर उभी राहिले आणि म्हटलं, चालली नाही तर हीच मोटार माझ्या डोक्यात घाला. ती मोटार पुढे कित्येक वर्षं चालली. मी तारेचा भाव पाडायला शिकले, बोअरमध्ये बुडवायच्या सबमर्सिबल मोटारी शिकले, बाबा गेल्यावर बाजूचा गाळा घेतला. या सगळ्या वर्षांत ती कॅसेट इतक्यांदा वाजली की दोनदा तुटली आणि मी ती चिकटवली. काम तुंबलं, अंग मोडून आलं, कोणी बाई म्हणून टाकून बोललं, की मी शेवटचं गाणं लावायचे. जगात कुठेतरी एका कष्टाळू माणसाने माझ्यासारखी बहीण पाहिली आहे आणि तिच्यासाठी गाणं केलंय, या आधारावर मी उभी होते. दादा दिवाळीला यायचा, पेढे आणायचा आणि पाहुण्यांना सांगायचा की आमच्या मंदाने दुकान राखलं. मी खाली मान घालून हसायचे.

पुढे दुकानाचे पत्रे बदलायला काढले तेव्हा माळ्यावरची दादाची ट्रंक खाली आली. तिच्यात त्याची कॉलेजची डिक्शनरी, आणि डिक्शनरीत घडी घातलेला एक लांब कागद. कडेला मिस्त्रीच्या फोटोतल्या मालगाडीचा कापलेला तुकडा होता, त्यावरून मी ओळखलं. डबीतला घडीचा कागद आम्ही कधी उलगडलाच नव्हता; दादाने तो कापून फोटो डबीत परत लावला होता आणि उरलेला स्वतःकडे ठेवला होता. कागदावर बारीक इंग्रजी अक्षरांत बाराही गाणी छापलेली. कठीण शब्दांखाली पेन्सिलच्या रेघा आणि कडेला दादाच्या अक्षरात मराठी अर्थ. मला आधी हसूच आलं. ऐकून सांगतो म्हणत होता आणि लेकाच्याकडे कागद होता. एवढी फुशारकी मी त्याला माफ केली असती.

त्याच आठवड्यात हिंगोलीच्या कॉलेजातले इंग्रजीचे एक सर बंगल्यावरची मोटार घेऊन आले होते. मोटार लगेच पाहिजे म्हणत होते. मी म्हटलं, आजच देते, पण ती होईपर्यंत हा कागद मला मराठीत वाचून दाखवा. त्यांनी दुसऱ्या बाजूच्या शेवटापासून सुरुवात करावी असं मीच सांगितलं, कारण ते माझं गाणं होतं.

"एक भाऊ बोलतोय," सर म्हणाले. "बहिणीला गाडीवर सोडायला आलाय."

"उलटं. बहीण भावाला सोडायला आलीय."

"नाही हो ताई. भाऊच म्हणतोय. इथलं काम तुझी छाती खाऊन टाकील, तू जा. बाबांचं मशीन मी बघतो. मी थांबतो. हे बघा, इथे कडेला पेन्सिलने लिहिलंयसुद्धा."

मी पाहिलं. दादाचंच अक्षर होतं. मी थांबतो.

मी त्या बिचाऱ्या सरांवर ओरडले. तुम्हाला इंग्रजी येत नाही म्हणाले. त्यांनी शांतपणे पुन्हा वाचलं, मग तिसऱ्यांदा वाचलं. मग मी त्यांना बाकीची अकरा गाणी वाचायला लावली, कारण मला वाटलं की दादाला इंग्रजीच कच्चं होतं आणि सगळंच चुकलं असेल. तसं निघालं असतं तर मी आज हे लिहिलं नसतं. पण भोंग्याचं गाणं बराबर होतं. दोन पाळ्यांचं बराबर होतं. पेट्रोल पंपावरची मुलगी, तिच्या हाताचा वास, शब्द न् शब्द बराबर. अकराच्या अकरा गाण्यांचा अर्थ दादाने मन लावून, कसलीही खोट न ठेवता सांगितला होता. बदललं होतं एकच.

दिवाळीला दादा आला तेव्हा सलीमभाई दुकानात बसले होते. मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो उघडला, पाहिला आणि पुन्हा घडी घातली.

"इतक्या वर्षांनी हे काहून काढून राहिलीस मंदे?"

"वाच. मी टेप लावते. पहिल्यासारखा अर्थ सांग."

"तू तशीही गेली नसतीस," तो म्हणाला. "बाबांचा हात पाहून तू गेली असतीस काय? सांग तूच."

सलीमभाई मला म्हणाले, जाने दो बेटी, तेरा दुकान तो बना. मी त्यांनाही गप्प बसवलं, आणि त्याचं मला आज वाईट वाटतं, कारण ते आता नाहीत. पण दादाच्या त्या प्रश्नावर मी खूप विचार केला आहे. कदाचित तो खरं बोलत असेल. बाबांचा हात पाहून मी ट्रंक उघडून कपडे परत ठेवलेही असते. पण मग ते थांबणं माझं असतं. त्याची कुरकुर मी केली असती, त्याचा मोठेपणा मी मिरवला असता, कधी पश्चात्ताप केला असता तर तोही हक्काने केला असता. दादाने माझं शिक्षण घेतलं, ते मी दुसरीकडून भरून काढलं. माझं थांबणं त्याने घेतलं, ते कुठून भरून काढू? आणि मिस्त्रीही घेतला. तो माझ्यासारख्या थांबलेल्या बहिणीसाठी गात नव्हता. तो जा म्हणून सांगत होता, वर्षानुवर्षं, माझ्याच दुकानात, रोज, आणि मी ते ऐकून पुन्हा हँडलला हात घालत होते.

त्या दिवाळीनंतर दादा कळमनुरीला आलेला नाही. पुण्यात तो नातेवाइकांना सांगतो की मंदाचं डोकं एका गाण्यावरून फिरलंय. थावरूभाऊ म्हणतो की सख्खा भाऊ आहे, सोडून द्या. मी त्याला सांगितलं की मला माफी नको आहे. माफी मागणं सोपं असतं, दादा ती फोनवरही मागेल.

दादा, हे छापलं की पहिली प्रत तुझ्या पत्त्यावर येईल. लहान होतो, घाबरलो होतो, बाबांसाठी केलं, यातलं काहीही मला सांगू नकोस. मला एकच विचारायचं आहे. आमच्या सगळ्यांत ते गाणं खरं कळलेला तू एकटा होतास. थांबणाऱ्या भावाचे शब्द तू पेन्सिलने, आपल्या हाताने मराठीत लिहिले होतेस. मग त्या मंगळवारी एसटी सुटली आणि मी खाली उभी राहून तुला म्हटलं, जा, मागे वळून पाहू नको, तेव्हा तू खिडकीतून हात हलवलास तो कसा? याचा जबाब तू मला द्यायचा आहेस, आणि इथे येऊन, माझ्यासमोर उभा राहून द्यायचा आहेस.